वेताळाचे कूळ

गेल्या दिवाळीत अमेरिकेहून नगरास आलेल्या माझ्या पुतण्याने (शासनदप्तरी या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी आमच्या पिढीच्या जिभेची वहिवाट एकाएकी मोडत नाही) बॅगेतून एक जाडजूड चित्रकथासंग्रह काढून माझ्यापुढे ठेवला, आणि मुखपृष्ठावरील सुळे विचकणाऱ्या इसमाकडे बोट दाखवून, "काका, हा म्हणजे आपला वेताळच की!" असे तो म्हणाला. या विधानातील चूक त्याची एकट्याची नव्हती. ती दीडशे वर्षांहून जुनी असून तिला एका इंग्रज कप्तानाची सनद आहे, आणि तिचा माग काढू लागलो तेव्हा गोदावरीच्या काठापासून काश्मीर, कलकत्ता, लंडन आणि अमेरिकेचा ईशान्य किनारा एवढी यात्रा मला घरबसल्या घडली.

त्या संग्रहाचे नाव 'अमेरिकन व्हँपायर'. स्कॉट स्नायडर यांनी लिहिलेली आणि ब्राझीलचे चित्रकार राफाएल अल्बुकर्क यांनी रेखाटलेली ही मालिका मार्च 2010 मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या पाच अंकांतील निम्मी कथा भयकथाकार स्टीफन किंग यांनी लिहिली, आणि 2011 साली उत्कृष्ट नव्या मालिकेचा आयस्नर पुरस्कार तिला मिळाला. स्किनर स्वीट नावाचा, 1880 च्या सुमाराच्या पश्चिम अमेरिकेतील एक दरोडेखोर रक्तपिपासूंच्या तडाख्यात सापडतो आणि स्वतःच त्यांच्यातला होतो. परंतु युरोपातून आलेले जुने, धनाढ्य, रेल्वेत पैसा गुंतवणारे रक्तपिपासू जेथे सूर्यप्रकाशाने भाजून निघतात तेथे हा नव्या भूमीतला गडी भर उन्हात फिरतो. पिशाच्चाचीही जात मातीप्रमाणे बदलते, ही त्या लेखकाची कल्पना मला मनापासून पटली, आणि नेमकी तीच कल्पना पुतण्याच्या वाक्याला छेद देणारी होती. कारण व्हँपायर आणि वेताळ ही एका वंशाची दोन रोपे नव्हेतच.

वेताळाच्या कथांचे मूळ पाहू जाता शेवगाव तालुक्यातील मुंगी या गावी जाऊन उभे राहावे. 1728 साली बाजीराव पेशवे आणि निजाम यांच्यात झालेल्या तहामुळे ज्याचे नाव शाळेच्या पुस्तकांत आले तेच हे गाव; त्याच्या समोर, गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर, पैठण. आता सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी रचलेला 'कथासरित्सागर' उघडला, तर वेताळाच्या पंचवीस कथांची चौकट ज्या राजाभोवती उभी आहे तो त्रिविक्रमसेन उज्जयिनीचा नसून गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानाचा, म्हणजे याच पैठणचा, असल्याचे आढळते. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू दहा वर्षे रोज राजाला एकेक फळ आणून देतो. त्या प्रत्येक फळात रत्न आहे हे एका माकडाच्या खोडीमुळे उघडकीस येते. आणि त्या उपकाराने बांधला गेलेला राजा, भिक्षूच्या विनंतीवरून, अंधाऱ्या रात्री श्मशानातील शिंशपा वृक्षावर लोंबणारे प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. ज्या काळ्या मातीत आज ऊस डोलतो आणि जायकवाडीच्या जलाशयाचे पाणी पसरलेले दिसते, त्या मुलखातले हे श्मशान आहे असे म्हणण्यास सोमदेवाची लेखी साक्ष पुरेशी आहे.

सोमदेवाच्या आधी गुणाढ्य. पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातील या पंडिताची आख्यायिका अशी की, जलक्रीडेत राणीने "पाणी उडवू नका" असे संस्कृतात म्हटले असता संधी न उमगल्याने राजाने मोदकांची ताटे मागवली, आणि त्या फजितीनंतर राजाला व्याकरण किती अवधीत शिकवता येईल यावर पंडितांत पैज लागली. गुणाढ्याने सहा वर्षे मागितली, शर्ववर्म्याने सहा महिने. शर्ववर्मा जिंकला आणि गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषांचा त्याग करून विंध्याच्या अरण्यात पिशाच्चांची भाषा आत्मसात केली. त्या पैशाची भाषेत त्याने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा रचली, आणि अरण्यात शाई मिळेना म्हणून ती स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारल्यावर पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवीत त्याने सहा लक्ष श्लोक अग्नीत टाकले. बुधस्वामीच्या नेपाळी परंपरेतील संक्षेपात वेताळकथा नाहीत, त्यामुळे त्या मूळ बृहत्कथेत नसून काश्मिरात जोडल्या गेल्या असे विद्वान मानतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. तथापि एवढे खरे की, या साऱ्या वंशावळीत रक्ताचा म्हणून जो उल्लेख मनात ठसतो तो वेताळाच्या तोंडी लागलेल्या रक्ताचा नसून ग्रंथकाराच्या लेखणीतल्या रक्ताचा आहे.

वेताळ करतो काय? तो गोष्ट सांगतो, गोष्टीअखेर न्यायाचा पेच घालतो, राजाने मौन सोडले की झाडाकडे परततो, आणि शेवटी, भिक्षू तुझाच बळी देणार आहे, अशी सूचना देऊन राजाचे प्राण वाचवतो. तो ज्या देहात राहतो तो देह त्याचा नव्हे. मराठीत 'कूळ' या शब्दाला वंश आणि परक्याची जमीन कसणारा हे जे दोन अर्थ आहेत, आणि 1948 च्या कूळकायद्यापासून ज्यांतील दुसऱ्याने नगर जिल्ह्यातल्या किती तरी घरांची झोप उडवली, त्यांपैकी दुसरा अर्थ वेताळाला तंतोतंत लागू पडतो: प्रेत परक्याचे, वस्ती याची. उलट व्हँपायर हा मूळ मालक. मेल्यावरही स्वतःच्या देहाचा कब्जा न सोडणारा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रक्तातून खंड वसूल करणारा. तोही युरोपात कवींच्या प्रतिभेतून आलेला नाही. सर्बियाच्या सरहद्दीवरील गावांत प्रेते उकरून पाहिलेल्या ऑस्ट्रियन लष्करी वैद्यांनी 1732 साली जो सरकारी अहवाल सादर केला, त्याची बातमी पसरली आणि हा शब्द इंग्रजीत रुजला. भुतांच्या इतिहासातही दप्तर किती महत्त्वाचे असते!

ग्रंथातला वेताळ आणि आमच्या गावकुसाबाहेरचा वेताळ यांत मात्र पुष्कळ अंतर आहे. गावचा वेताळ म्हणजे शेंदूर फासलेला धोंडा, क्वचित भोवती उभ्या दगडांचे रिंगण. तो भुतांचा राजा, आणि म्हणूनच त्यांना वेशीबाहेर थोपवून धरणारा पाटील. अमावास्येच्या रात्री दिवट्यांच्या उजेडात त्याची स्वारी निघते असे लहानपणी ऐकले होते, आणि त्या वाटेने जाण्याचा प्रसंग आलाच तर आम्ही मुले रामनामाचा जप एवढ्या मोठ्याने करीत असू की स्वारी असलीच तर तीच वाट बदलती. पाथर्डीकडील गर्भगिरीचे डोंगर ही नाथपंथाची भूमी. मढीला कानिफनाथांची समाधी, मांजरसुंब्याच्या गडावर गोरक्षनाथ, सीमेपलीकडे सावरगावी मच्छिंद्रनाथ. या टापूत घरोघरी ज्याचे पारायण होते त्या धुंडीसुत मालू नरहरीच्या 'नवनाथ भक्तिसारा'त मच्छिंद्रनाथ आणि वेताळ यांची गाठ पडते: मध्यरात्री भुतावळ दिवट्या घेऊन येते, नाथ तिला मंत्रबळाने जागच्या जागी खिळवतात, वेताळ चालून येतो, हरतो, आणि यापुढे नाथांच्या मंत्रविद्येला साह्य करीन असा करार लिहून दिल्यासारखे वचन देऊन मोकळा होतो. हा ग्रंथ शके 1741 मध्ये, म्हणजे 1819 साली, पूर्ण झाला. आणि त्याच 1819 साली लंडनच्या एका मासिकात जॉन पॉलिडोरी या तरुण वैद्याची, उमरावाच्या वेषातील रक्तपिपासूची पहिली गाजलेली इंग्रजी कथा छापली गेली. एकाच वर्षी इकडे वेताळ नाथांचा चाकर झाला आणि तिकडे व्हँपायर सरदार झाला.

यापुढचा प्रवास छापखान्यांचा आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात 1805 मध्ये हिंदुस्तानी 'बैताल पचीसी' निघाली. मराठीत 1830 साली सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांनी 'वेताळपंचविशी' आणली, आणि मुद्रित मराठी गद्याच्या बाल्यावस्थेत या वेताळाने मराठी मुलांना वाचायला शिकवले, हे त्याचे उपकार कोणी मोजत नाही. मग मुंबईच्या पलटणीत 1842 साली दाखल झालेल्या रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये पंचविसांतल्या अकराच कथा घेऊन, त्यांवर स्वतःचा मालमसाला चढवून, इंग्रजी पुस्तक काढले आणि त्याच्या शीर्षकात विक्रमाशेजारी 'व्हँपायर' बसवला. त्याने वेताळाला वटवाघळासारखे उलटे टांगले. इंग्रज गिऱ्हाइकाला ओळखीचा माल हवा होता, तो त्याने पुरवला. पण त्या एका शब्दाने वेताळाचे नाव परक्या सातबाऱ्यावर चढले ते आजतागायत उतरलेले नाही. हाच बर्टन पुढे 'ड्रॅक्युला'चा लेखक ब्रॅम स्टोकर याला भेटला, आणि त्याचे चकाकणारे सुळे आपल्या किती लक्षात राहिले हे स्टोकरने आठवणींत लिहून ठेवले आहे. 1897 च्या 'ड्रॅक्युला'च्या दंतपंक्तीत बर्टनचा वाटा किती, हा तर्काचा विषय. परंतु तर्क गमतीचा आहे खरा.

आता अमेरिका. नगर आणि अमेरिका यांचा संबंध पुतण्याच्या नोकरीपासून सुरू होत नाही. बॉस्टनच्या मंडळाने पाठवलेले अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री 1831 च्या डिसेंबरात या शहरी आले आणि 1842 मध्ये त्यांनी येथून 'ज्ञानोदय' पत्र काढले. याच मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळांचे ऋण नगर विसरलेले नाही. परंतु शेंदरी धोंडे, अंगात येणे, भुतेखेते यांना अज्ञानाचा अंधकार म्हणून उपदेश करणाऱ्या या मंडळींच्या स्वतःच्या मुलखात, न्यू इंग्लंडात, त्याच काळी काय चालले होते? कनेक्टिकटमधील ज्युएट सिटी येथे 1854 साली क्षयाने गेलेल्या दोघा भावांची प्रेते उकरून जाळण्यात आली, कारण ती जिवंत नातलगांचे प्राण शोषतात असा समज होता. ऱ्होड आयलंडमधील एक्झेटर गावी 1892 च्या जानेवारीत मर्सी ब्राऊन ही एकोणीस वर्षांची मुलगी क्षयाने वारली. मार्चमध्ये शेजाऱ्यांच्या आग्रहाने तिचे प्रेत बाहेर काढले, हिवाळ्याच्या थंडीत टिकलेल्या त्या देहाच्या हृदयात रक्त दिसले म्हणून हृदय व यकृत जाळले, आणि ती राख तिच्या आजारी भावाला, एडविनला, पाण्यातून पाजली. दोन महिन्यांच्या आत तोही गेला. रॉबर्ट कॉखने क्षयाचे जंतू शोधून काढल्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती. नगरच्या एखाद्या मांत्रिकाने असे काही केले असते तर बॉस्टनच्या वार्षिक अहवालात त्यावर एक स्वतंत्र प्रकरण आले असते, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. न्यू इंग्लंडातील या रक्तपिपासूंविषयीचे 1896 सालचे वर्तमानपत्री कात्रण स्टोकरच्या टिपणांत जपलेले आहे. स्किनर स्वीटच्या आधी अमेरिकेला स्वतःचा व्हँपायर होता, आणि तो एका गरीब शेतकऱ्याची मुलगी होता.

चित्रकथेच्या वाट्याला हे भूत उशिरा आले, कारण 1954 च्या नियमावलीने अमेरिकन चित्रकथांतून व्हँपायर हद्दपार केला होता, आणि 1971 मध्ये ती बंदी शिथिल झाली. आमच्याकडे मात्र वेगळाच प्रकार घडला. ली फॉकने 1936 साली निर्माण केलेला, जांभळ्या पोशाखात अरण्यात न्याय करीत फिरणारा 'फँटम' मार्च 1964 पासून मुंबईच्या इंद्रजाल कॉमिक्समधून भारतभर पोहोचला आणि मराठीत येताना त्याचे नामकरण झाले 'वेताळ'. इंग्रजाने आमच्या वेताळाला व्हँपायर केले होते. आम्ही अमेरिकन नायकाला वेताळ करून हिशेब चुकता केला. आणि खरे सांगायचे तर हे दुसरे भाषांतर पहिल्यापेक्षा सरस आहे: हद्दीचे रक्षण करणारा, मरत नाही अशी ख्याती असलेला, न्यायाच्या गोष्टी जमवणारा तो फँटम बर्टनच्या वटवाघळापेक्षा वेशीवरच्या धोंड्याला अधिक जवळचा आहे. 1990 मध्ये ते अंक बंद पडले.

नारायण धारपांना हा भेद पक्का ठाऊक असावा. स्टीफन किंगच्या रक्तपिपासूंच्या कादंबरीवरून त्यांनी मराठी कादंबरी बेतली तेव्हा शीर्षकासाठी आयता हाताशी असलेला वेताळ त्यांनी घेतला नाही. 'लुचाई' असे नाव दिले. तेव्हा पुढे कोणी 'अमेरिकन व्हँपायर' मराठीत आणणार असेल, तर त्यास माझी एवढीच विनंती: व्हँपायर तसाच ठेवा, अथवा सरळ रक्तपिपासू म्हणा, पण पैठणच्या वेताळाच्या तोंडाला रक्त लावू नका. आणि ज्या वाचकांच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचे अंक अजून असतील त्यांनी या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नयेत. मजजवळचे तीनही अंक पुतण्या परत जाताना घेऊन गेला आहे.