एका लहान नौकेची झुंज

पाणसुरुंग काढण्याचे काम तसे नीरसच. नौका पाण्यात पोलादी दोर सोडून आखून दिलेल्या पट्ट्यातून संथपणे फिरते. सुरुंगाला तळाशी जखडणारा दोर कापला जातो, सुरुंग वर तरंगतो आणि दुरून गोळ्या झाडून त्याचा निकाल लावला जातो. याच कामासाठी ऑस्ट्रेलियात बांधलेल्या बाथर्स्ट वर्गातील चार नौका रॉयल इंडियन नेव्हीला मिळाल्या. त्यांपैकी ‘बेंगॉल’ सिडनीच्या कॉकाटू गोदीत तयार होऊन १९४२ च्या ऑगस्टमध्ये सेवेत दाखल झाली. तिचे नाव इतिहासात राहिले ते मात्र सुरुंगांमुळे नव्हे.

११ नोव्हेंबर १९४२ रोजी ती ‘ऑन्डिना’ या डच तेलवाहू जहाजासोबत फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे चालली होती. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येस ‘होकोकु मारू’ व ‘आयकोकु मारू’ ही दोन सशस्त्र जपानी जहाजे समोर आली. प्रत्येक दहा हजार टनांहून मोठे, आणि वर साडेपाच इंची तोफा! ‘बेंगॉल’ सातशे टनांच्या आसपास. तिच्यावर १२ पौंडी एकच मोठी तोफ. लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी ‘ऑन्डिना’ला निसटण्यास सांगून आपली नौका थेट शत्रूवर घातली. ‘ऑन्डिना’ मात्र लगेच पळाली नाही. आपल्या एकमेव चार इंची तोफेने तीही लढू लागली. थोड्याच वेळात ‘होकोकु मारू’वर भीषण स्फोट झाला आणि ती बुडाली.

तो गोळा कोणाचा? हिंदी बाजूने श्रेय ‘बेंगॉल’ला दिले, डचांनी ‘ऑन्डिना’ला. एकाच प्रसंगाचे दोन अहवाल आले की काय होते, हे फायलींत आयुष्य घालवणाऱ्यांना निराळे सांगावयास नको. मला स्वतःला चार इंची तोफेचा दावा अधिक संभवनीय वाटतो. परंतु शत्रूच्या तोफांचे तोंड प्रथम आपल्याकडे वळवून घेतले ते ‘बेंगॉल’ने, आणि त्याविषयी वाद नाही.

दारूगोळा संपत आल्यावर ती मागे फिरली. ‘ऑन्डिना’ बुडाली अशीच तिची समजूत झाली. वस्तुतः टॉर्पेडो लागूनही ते जहाज तरंगत राहिले होते. कप्तान हॉर्समन मारले गेले, होड्यांत उतरलेल्या खलाशांवर यंत्रबंदुकांचा मारा झाला. तरी ‘आयकोकु मारू’ निघून जाताच उरलेले लोक परत जहाजावर चढले, त्यांनी आग विझवली आणि ते फ्रीमँटलला परत नेले.

स्वातंत्र्यानंतर ‘बेंगॉल’ भारतीय नौदलात राहिली. १९६० मध्ये तिला मोडीत काढण्यात आले.