दिनविशेष : २७ ऑगस्ट
अहमद खान यांचे निधन (२०१७)

ऑलिम्पिक खेळलेले फुटबॉलपटू अहमद खान यांचे बंगळुरूत वयाच्या ९१व्या वर्षी निधन झाले. बंगळुरूच्या मैदानांवर घडलेला हा आघाडीवीर १९४९मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडे गेला. वेंकटेश, अप्पाराव, धनराज आणि सालेह यांच्यासह तो तिथल्या ‘पंचपांडव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच आघाडीवीरांपैकी एक ठरला. चेंडू असा खेळवायचा, की प्रेक्षक त्याला गारुडीच म्हणत. खान खेळलेल्या १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणीच उतरले. फ्रान्सने २-१ असे हरवले खरे, पण भारताने दोन पेनल्टी वाया घालवल्या होत्या! १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले. भारताचा एकमेव गोल खान यांचा. दरम्यान, १९५१च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातही ते होते.