मुळी कोणाची, श्रेय कोणाचे आणि दवाखाना कोणाचा?

आपल्या तरुणांमध्ये सध्या दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत म्हणते, झाडपाला, मुळ्या, गावठी औषधे ही सगळी अंधश्रद्धा आहे. दुसरे म्हणते, आधुनिक वैद्यक गोऱ्यांचे आणि कंपन्यांचे, आपल्या पूर्वजांचे ज्ञान तेवढे खरे. आम्हाला ही दोन्ही मते मान्य नाहीत. ज्ञान कोणी निर्माण केले, श्रेय कोणी लाटले आणि आजारी माणसाची जबाबदारी कोणी झटकली, हे प्रश्न दोन्ही मते टाळतात. पूर्व आफ्रिकेच्या खेड्यांचा इतिहास हे प्रश्न आपल्यासमोर उघडे करून ठेवतो.

1879 साली आजच्या युगांडातील बुन्योरो राज्यात रॉबर्ट फेल्किन या इंग्रज प्रवाशाने एक शस्त्रक्रिया पाहिली. स्थानिक वैद्याने एका तरुण बाळंतिणीचे पोट फाडून मूल बाहेर काढले. तिला केळीची दारू पाजून गुंगी आणली होती. त्याच दारूने वैद्याने आपले हात आणि तिचे पोट धुतले. रक्तस्राव तापलेल्या लोखंडाने थांबवला, जखम लोखंडी टाचण्यांनी बंद केली आणि वर मुळ्यांचा लेप लावला. अकराव्या दिवशी जखम भरलेली होती. आई आणि बाळ दोघेही जिवंत होते. त्या काळी युरोपातही ही शस्त्रक्रिया बहुतेकदा आईच्या जीवावर बेतत असे. लिस्टरने जंतुनाशक पद्धत मांडून जेमतेम बारा वर्षे झाली होती. फेल्किनने 1884 मध्ये हा वृत्तान्त एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. आज ही घटना फेल्किनच्या नावाने ओळखली जाते, त्या वैद्याच्या नावाने नाही.

वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी अशा ज्ञानाचे काय केले? स्वाहिली भाषेत 'मगांगा' म्हणजे उपचार करणारा आणि 'मचावी' म्हणजे जादूटोण्याने इजा करणारा. गावाला हा फरक नीट कळत होता. केनियात इंग्रजांनी 1925 साली जादूटोणाविरोधी कायदा आणला. साहेबाच्या नजरेत मुळी देणारा आणि मूठ मारणारा एकाच रांगेत उभे राहिले. ज्याच्या हाती सत्ता, तोच ज्ञान कशाला म्हणायचे आणि अज्ञान कशाला, हे ठरवतो. हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मांग समाजातील सुईणींनी गावाची बाळंतपणे केली. त्यांच्या हातांनी जन्मलेल्या लेकराला जात मिळाली, प्रतिष्ठा मिळाली. त्या हातांना मात्र विटाळच मिळाला.

आता श्रेयाकडे येऊ. 1964 साली इथिओपियातील अडवा गावात अक्लिलू लेम्मा हे शास्त्रज्ञ नदीकाठी संशोधन करत होते. तिथल्या बायका 'एन्डोड' नावाच्या झुडपाची फळे साबणासारखी वापरून कपडे धुवत. जिथे त्या धुवत, त्याच्या खालच्या अंगाला गोगलगायी मरून पडलेल्या लेम्मांना दिसल्या. बिल्हार्झिया या रोगाची कृमी याच गोगलगायींच्या शरीरात वाढते. म्हणजे पुस्तकी शिक्षण नसलेल्या बायकांच्या रोजच्या वापरातून रोगनियंत्रणाचा एक स्वस्त मार्ग पुढे आला. 1989 मध्ये लेम्मा आणि त्यांचे सहकारी लेगेसे वोल्दे-योहानेस यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पण 1990 च्या दशकात याच वनस्पतीच्या एका उपयोगाचे पेटंट अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाने घेतले. आपल्या हळदीवर 1995 साली अमेरिकेत पेटंट दिले गेले, ते 1997 मध्ये रद्द करून घ्यावे लागले. ज्ञान श्रमिकांचे आणि कागद मालकाचा, ही रीत जगभर एकच आहे.

मग परंपरा म्हणजे सगळे सोनेच का? मुळीच नाही. 2011 साली टांझानियाच्या लोलिओन्दो भागातील सामुंगे गावात एक निवृत्त धर्मोपदेशक 500 शिलिंगला एक पेला काढा देऊ लागला. हा काढा देवाने स्वप्नात सांगितला आणि तो एड्ससकट अनेक रोग बरे करतो, असा त्याचा दावा होता. मैलोगणती रांगा लागल्या. मंत्रीही तिथे गेले. रांगेत रुग्ण मेले, काहींनी एचआयव्हीची औषधे सोडली. त्याच देशात जादूटोण्याच्या बाजारासाठी अल्बिनो माणसांचे खून झाले आणि 2015 मध्ये सरकारला भोंदू वैद्यांवर बंदी घालावी लागली. एन्डोडचे फळ प्रयोगशाळेत तपासता येते, स्वप्नातला दावा तपासता येत नाही. परंपरेत आहे किंवा गुरूने सांगितले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असे बुद्धांनी कालामांना सांगितले. आम्हाला तीच कसोटी मान्य आहे, मग परंपरा कोणाचीही असो.

पण लोक भोंदूच्या दारात का जातात? 1967 च्या अरुशा घोषणेनंतर टांझानियाने खेड्यापाड्यांत दवाखाने नेण्याचे धोरण घेतले. 1973 मध्ये 'म्तू नी आफ्या' या मोहिमेत सुमारे 20 लाख लोक रेडिओ ऐकणाऱ्या अभ्यासगटांत बसले, मलेरियाबद्दल शिकले आणि त्यांनी गावोगाव शौचखड्डे खोदले. पुढे कर्जाचा फास आवळला आणि जागतिक बँकेच्या धोरणांच्या दबावाखाली दवाखान्यात फी आली, केनियात 1989 मध्ये, टांझानियात 1993 मध्ये. युगांडाने 2001 मध्ये सरकारी दवाखान्यांतील फी रद्द केली, तेव्हा उपचाराला येणाऱ्या गरिबांची संख्या वाढली. यावरून दिसते, गरीब माणूस अडाणी म्हणून दवाखान्यापासून दूर राहत नाही, त्याला दूर ठेवले जाते. त्याच वेळी त्याला 'आपल्या मुळांकडे परत जा' असे सांगणे म्हणजे सरकारची जबाबदारी झाडपाल्याखाली झाकणे.

तिसरा मार्गही तिथेच सापडतो. 1987 मध्ये नोएरीन कलीबा यांनी सोबत्यांसह युगांडात 'टासो' ही संस्था उभी केली आणि एड्सच्या रुग्णांना समाजातूनच आधार दिला. 1992 पासून 'थेटा' या उपक्रमात गावठी वैद्यांना एचआयव्हीचे प्रशिक्षण मिळू लागले. वैद्याचा मान राहिला, गावाचा विश्वास राहिला, आणि रुग्ण दवाखान्यापर्यंतही पोहोचला.

1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी कामगार मातेच्या विश्रांतीला राष्ट्रहिताचा प्रश्न मानले आणि तिचा भार सरकारनेही उचलावा अशी भूमिका घेतली. आमची भूमिका तिथूनच निघते. वस्तीतल्या म्हाताऱ्या सुईणींचे आणि जाणकारांचे ज्ञान त्यांच्या नावानिशी नोंदवा. ते तपासायला लावा, टिकेल त्याचे श्रेय मागा, टिकणार नाही ते सोडा. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर, औषध आणि सन्मान मिळत नसेल, तर काढ्यावर समाधान मानू नका, संघटित होऊन जाब विचारा. ज्ञानाचे श्रेय आणि उपचार, आपला हक्क दोन्हींवर आहे.

जय भीम!