पिचकारीची कुळकथा

चैत्र-वैशाखात सोनपेठहून परळीच्या अंगाने मोटारीने जाण्याचा प्रसंग ज्यांना आला असेल, त्यांना समोरच्या काचेवर बघता बघता साचणाऱ्या करड्या थराची वेगळी ओळख करून द्यावयास नको. त्या थरात नांगरटीनंतर उघड्या पडलेल्या काळ्या रानाची भुकटी असते, ट्रॅक्टरांच्या चाकांनी उधळलेला फुफाटा असतो, आणि परळीच्या ज्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच 1971 साली सुरू झाला, त्याची राख वाहून नेणाऱ्या गाड्यांमागून उडणारे सूक्ष्म कणही असतात. ही राख मऊ दिसते, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तिचा बहुतांश भाग म्हणजे वितळून गोठलेल्या काचेचेच चिमुकले गोळे होत. म्हणून कोरड्या काचेवरून वायपर फिरविणारा मनुष्य वस्तुतः काचेने काच घाशीत असतो. जाणता चालक ही चूक करीत नाही. तो आधी दांडी ओढतो, बॉनेटाच्या काठाशी दडलेल्या दोन छिद्रांतून पाण्याच्या दोन धारा उसळतात, आणि मगच वायपराचे हात हलू लागतात.

या धारांच्या उगमाला कंपनीची पुस्तिका वॉशर म्हणते, तर सोनपेठेतील मिस्त्री ‘पिचकारी’ म्हणतात. माझ्या मते या वादात मिस्त्रींची बाजू अधिक सशास्त्र आहे, कारण धुणे हे त्या यंत्राचे काम झाले आणि पिचकारी हे त्याचे कूळ. कूळ पाहू गेल्यास ते बरेच मागे जाते. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात कुशाच्या अंतःपुरातील स्त्रिया शरयूच्या पात्रात सोन्याच्या शिंगांतून रंगीत पाणी उडवितात. श्रीहर्षाच्या रत्नावलीतील कौशांबीच्या वसंतोत्सवातही शृंगक नावाचे हेच साधन नागरिकांच्या हाती आहे. दुसरीकडे सुश्रुताने वर्णिलेले बस्तियंत्र, म्हणजे जनावराच्या मूत्राशयाची पिशवी आणि तिला जोडलेली नळी, हेही दाबाने द्रव फेकणारेच उपकरण. तेव्हा मोटारीच्या पिचकारीचे आजोळ रंगपंचमीत आणि पितृकूळ रुग्णालयात, असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा. सोयरीक थोडी विजोड आहे, इतकेच.

मात्र शिंग असो वा पिशवी, एकदा रिकामी झाली की पुन्हा भरावी लागते. सलग पाणी खेचावयाचे आणि फेकावयाचे, तर पाण्याला मागे फिरू न देणारी झडप पाहिजे. आणि अशा झडपांचा दट्ट्याचा पंप इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने रचला, अशी नोंद रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात करून ठेवली आहे. आजही मोटारीच्या रबरी नळीत कोठेतरी बोराएवढी एक झडप बसविलेली असते. ती निकामी झाली की पाणी टाकीत परत ओघळते आणि दांडी ओढल्यावर धारेऐवजी आधी नुसता घरघराट ऐकू येतो.

वायपराची कैफियत मानाने सरळ आहे, कारण तिला दफ्तरी आधार आहे. अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन ही बाई हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेली असता, बर्फाने माखलेली काच उघडी टाकून कुडकुडत ट्राम हाकणारा चालक तिने पाहिला, आणि 10 नोव्हेंबर 1903 रोजी हाताने फिरवावयाच्या पुसणीची 7,43,801 क्रमांकाची एकस्वाची सनद तिच्या नावे निघाली. तिला त्यातून एक छदामही मिळाला नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की या दरख्वास्तीत पाण्याची मागणी कोठेच नाही; पाणी आकाशातून येणार आणि यंत्राने ते फक्त बाजूला सारावयाचे, हे त्यात गृहीत होते. वायपर हा असा जन्मतःच ओल्या ऋतूचा नोकर. कोरड्या ऋतूची तजवीज करावी, असे पुढे तीसेक वर्षे कारखानदारांना फारसे वाटलेच नाही.

त्याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे असे, की पहिल्या पिढीच्या बहुतेक मोटारी उघड्या होत्या आणि त्यांची काच माखली तर ती दुमडून खाली पाडता येत असे. डोळ्यांत धूळ गेली तरी रस्ता दिसे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बंद मोटारींची सरशी झाली, काच चौकटीत कायमची जखडली गेली, वेग वाढला, आणि पुढच्या गाडीने उडविलेला चिखल मागच्याच्या दृष्टीवर थेट लिंपला जाऊ लागला, तेव्हा कोठे पाण्याची आठवण झाली. ज्या स्टुडबेकर घराण्याने 1852 साली घोडागाड्यांच्या धंद्याने आरंभ केला होता, त्याच्या 1937 सालच्या मोटारींना पिचकारी बसविण्याचा पहिला मान सहसा दिला जातो. बफेलो शहरातील ट्रायको कंपनीच्या पिचकाऱ्यांत बॉनेटाखाली लोणच्याच्या बरणीसारखी काचेची बरणी असे आणि एंजिनाच्या शोषणाच्या बळावर तीतील पाणी काचेवर येई.

सर्वांत मौजेची युक्ती जर्मनांची. 1960 नंतरच्या दशकात फोक्सवागनच्या बीटल गाडीत पाणी दाबण्याचे काम चक्क स्टेपनीतील हवेवर सोपविले होते; सुट्या चाकातून एक नळी पाण्याच्या टाकीला जाई, आणि चाकातील दाब ठराविक मर्यादेखाली उतरला की हवेची वाट बंद होई. (जाता जाता: स्टेपनी हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो मराठीच वाटतो, पण तो वेल्समधील लानेली गावाच्या स्टेपनी रस्त्यावरून आला आहे. तेथील डेव्हिस बंधूंनी 1904 साली सुटे चाक बाजारात आणले.) पुढे बारा व्होल्टची चिमुकली विजेची मोटर आली आणि या सर्व क्लृप्त्या मोडीत निघाल्या. अमेरिकेत 1 जानेवारी 1968 पासून पिचकारी कायद्यानेच आवश्यक ठरली, आणि युरोपीय देशांचे तसेच निर्देशपत्र 1977च्या अखेरीस निघाले.

आपल्या मुलखात मोटार बसची हुकूमत आली ती निजामाच्या अमदानीत. 1932 साली निजाम सरकारच्या रेल्वेने रस्तेवाहतुकीचे खाते काढले, तेव्हा त्याच्या तैनातीत सत्तावीस बसगाड्या होत्या. त्यांच्या काचा कोण व कसा धूत असे, याचा तपशील कोणी लिहून ठेवण्याजोगा मानला असेल, असे वाटत नाही. पण खिडकीतून हात बाहेर काढून बाटलीतील पाणी काचेवर भिरकावणारा एसटीचा चालक आजही दिसतो, आणि पावसाचे थेंब काचेवर मण्यांसारखे न थबकता पातळ पसरावेत म्हणून बाहेरून तंबाखू चोळणारा ट्रकवालाही भेटतो. कुळकथेत या मंडळींचे नाव नसते, एवढ्यावरून ते कुळातले नव्हेत असे ठरत नाही.

माझी स्वतःची पिचकारी गेल्या वैशाखात बंद पडली. दांडी ओढावी तर मोटर गुरगुरे, पण पाणी येईना. सोनपेठेत ज्या गाळ्यात गाडी नेली, तेथील तरुण मिस्त्रीने बॉनेट उघडण्यापूर्वीच विचारले, “काका, पाणी बोअरचं टाकता ना?” मी होकार दिला. त्याने छिद्राच्या तोंडावरून बोट फिरविले आणि बोटाला लागलेली पांढरी पूड मला दाखविली. आमच्या पायांखालचा काळा खडक झिजून कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भूजलात उतरतात. पाणी टाकीत असेपर्यंत ते विरघळलेले राहतात, पण तापलेल्या बॉनेटावर, मिलिमीटरभरही रुंदी नसलेल्या छिद्राच्या ओठाशी, प्रत्येक धारेचा शेवटचा थेंब सुकताना आपला वाटा मागे ठेवून जातो. ज्या पाण्याने काच धुवावयाची, तेच पाणी पिचकारीचा घसा आवळते.

उपचार त्याने शांतपणे केला. नळी सोडवून हवा उलट्या दिशेने, म्हणजे छिद्राकडून टाकीकडे फुंकली, कारण टाकीकडून छिद्राकडे फुंकलेला खडा पुन्हा त्याच अरुंद जागी येऊन अडकतो. छिद्राचे तुकडे काढून कोमट पाण्यात शिरका मिसळून त्यात बुडवून ठेवले. बारीक बुडबुडे निघू लागले, क्षार विरघळले. मोटरीच्या मुखाशी असलेली जाळी शेवाळाने हिरवी झाली होती, कारण टाकी अर्धपारदर्शक आणि आत प्रकाश मुबलक. ती दातांच्या जुन्या ब्रशाने घासली आणि टाकी दोनदा खंगाळली. टाकी कोरडी असताना दांडी धरून ठेवू नका, पाण्यावाचून मोटर जळते, अशी तंबीही मिळाली. मी धुण्याच्या साबणाचे पाणी घालीत असे हे कळल्यावर मात्र तो हसला. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, साय होते, आणि ती सायच जाळीत बसते.

साचलेल्या कोमट पाण्याची आणखी एक कैफियत आहे. 1976 साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर जी फुप्फुसज्वराची साथ उसळली, तिचा जंतू लीजिओनेला, आणि तो विशेषतः ऊबदार पाण्यात वाढतो. काचेच्या पिचकारीत नुसते साधे पाणी भरणाऱ्या चालकांना त्याचा धोका अधिक असल्याचे ब्रिटनमधील संशोधकांनी 2010 साली दाखवून दिले. आमच्या उन्हाळ्यात बॉनेटाखालची टाकी किती ऊबदार असते, हे सांगावयास नको.

“मग कोणते पाणी घालू?” या माझ्या प्रश्नाला मिस्त्रीचे उत्तर होते, “जारचं टाका, नाहीतर बॅटरीचं.” जारचे पाणी म्हणजे पिण्याचे. ज्या मराठवाड्यात 2016 साली लातूरकरांची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे पिण्याचे पाणी काचेवर उडविताना हात जरा अडखळतो. माझा चेहरा ओळखून की काय, त्याने गाळ्याच्या मागील भिंत दाखविली. शेजारच्या बँकेच्या एसीची नळी तेथे उतरते आणि तिच्याखाली त्याने तेलाचा रिकामा डबा ठेवला आहे. हवेतूनच गळणाऱ्या त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, आणि त्यात थोडे तयार वॉशर-द्रव मिसळले की काम भागते.

मग त्याने टाचणीने छिद्राचा रोख सुधारला. पहिली धार काच ओलांडून टपावर गेली आणि पलीकडे चहाचे पेले गोळा करणाऱ्या पोराच्या अंगावर पडली. त्याने रंगपंचमीचीच हाळी घातली. दुसरी धार जागेवर बसली. डब्यातील पाणी मला थोडे मागून घेता आले असते, पण तो जेमतेम चार बोटे भरलेला होता. कोरड्या हवेत नळी कंजूषपणाने ठिबकते, असे मिस्त्री म्हणाला; डबा ओसंडतो तो आषाढात, आणि तेव्हा कोणी पाणी मागायला येत नाही.