नर्सची ड्युटी बदलते तेव्हा: हँडओव्हर म्हणजे काय?

तुम्ही किंवा घरचे कोणी रुग्णालयात दाखल असाल, तर सकाळी आठच्या सुमारास सिस्टर बदलताना पाहिल्या असतील. जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक रुग्णाची माहिती देते. यालाच हँडओव्हर म्हणतात. नातेवाइकांना त्या गप्पा वाटतात. पण इथे सुटलेली एक गोष्ट महागात पडू शकते.

मी इंटर्न असताना मधुमेहाच्या एका आजोबांना सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवले होते. रात्रीच्या सिस्टरने "सकाळी सोनोग्राफी आहे" एवढे सांगितले, इन्सुलिन थांबवायचे आहे हे राहून गेले. सकाळचे नेहमीचे इन्सुलिन दिले गेले. तासाभरात आजोबा घामाने भिजले, असंबद्ध बोलू लागले. साखर ४२ वर आली होती! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर सावरले. दोन्ही सिस्टर कामात चोख होत्या. सांगण्याची ठरलेली पद्धत मात्र नव्हती.

अशा चुका टाळण्यासाठी नर्सना 'एस-बार' पद्धत शिकवतात. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. क्रम ठरलेला असतो: आत्ता काय चालू आहे, आधीचा आजार व उपचार काय, तपासून काय वाटते आणि पुढे काय करायचे. आजोबांच्या बाबतीत शेवटचे वाक्य असते, "उपाशी आहेत, इन्सुलिन देऊ नका, साखर तपासा." ऐकणारीने ते पुन्हा म्हणून दाखवायचे, म्हणजे चुकीचे ऐकले असेल तर तिथेच कळते.

प्रशिक्षणात नर्सना खोटे रुग्ण देऊन याचा सराव करून घेतात. छापील फॉर्म भरून घेणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे माझे मत आहे. सर्वात अवघड असतो चौथा भाग. रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करून "सर, तुम्ही येऊन बघा" असे स्पष्ट म्हणायला नवीन सिस्टर कचरतात. ते धाडस सरावानेच येते.

हँडओव्हर खाटेजवळ होत असेल तर शक्यतो तिथे थांबा. मध्येच बोलू नका, पण शेवटी राहिलेले जरूर सांगा: औषधाची ॲलर्जी, घरून चालू असलेल्या गोळ्या, रात्री झालेली उलटी किंवा पडणे. "आज उपाशी ठेवायचे आहे का? मग इन्सुलिनचे काय?" हे विचारायला संकोचू नका.

आणि त्याच वेळी रुग्णाला दम लागला, घाम फुटला किंवा तो गुंगीत गेला, तर हँडओव्हर संपण्याची वाट न पाहता लगेच हाक मारा.