पॉली फार्मरचे हात

नवख्या पाहुण्याला फुटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, सामन्याला नेलं की मी आधीच बजावतो, चेंडूच्या मागे डोळे लावून बसू नकोस, मधल्या वर्तुळातली दोन उंच माणसं बघ. ते रकमन. अंपायरने चेंडू वर सोडला की दोघं एकदम झेपावतात आणि वरच्यावर थाप मारून तो आपल्या चपळ रोव्हरकडे ढकलतात. आमच्या पर्थच्या फ्रीमँटल क्लबचा सँडिलँड्स २११ सेंटिमीटर उंच होता. त्याच्याकडे बघून कुणालाही वाटेल, या कामाला उंची असली की झालं.

तसं नाही, हे ज्याने दाखवून दिलं तो ग्रॅहॅम फार्मर. पर्थमध्ये शहराखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या फ्रीवेला त्याचंच नाव आहे. लहानपणी पोपटासारखी अखंड बडबड करायचा म्हणून 'पॉली' हे नाव चिकटलं, ते कायमचं. जन्म १९३५चा, नूनगार मूलनिवासी, बालपण क्वीन्स पार्कच्या सिस्टर केट्स अनाथालयात गेलेलं. गोऱ्यांसारखं वाढवायचं म्हणून मूलनिवासी मुलांना जिथे ठेवत, त्यातलंच ते एक. त्यात पोलिओमुळे एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. रकमन व्हायला याहून वाईट सुरुवात शोधून सापडायची नाही.

उंची १९१ सेंटिमीटर, म्हणजे आजच्या हिशेबाने मध्यमच. पण तो प्रतिस्पर्ध्याच्या क्षणभर आधी उडायचा, त्याच्या अंगाचा आधार घेऊन आणखी वर चढायचा आणि चेंडूवर नुसती थाप न मारता तो चक्क पकडायचा. या खेळात चेंडू फेकायला बंदी. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा, हा हँडबॉल. फार्मरच्या आधी हँडबॉल म्हणजे अडचणीत सापडलेल्याची सुटका, नाइलाज. त्याने त्यातून चढाई सुरू केली. गर्दीत चौघांनी घेरलेलं असतानाही लांबवर पळणाऱ्या साथीदाराच्या हाती नेमका चेंडू. मोटारींच्या यार्डात उघड्या खिडक्यांमधून चेंडू आरपार घालायचा सराव तो करायचा, हे इथलं पोरगंसुद्धा सांगतं.

ईस्ट पर्थ क्लबकडून नऊ हंगाम खेळून तो १९६२मध्ये व्हिक्टोरियातल्या जिलाँग क्लबला गेला. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला आणि तो हंगाम जवळजवळ वायाच. लोक म्हणाले, संपला. पुढच्याच वर्षी अंतिम सामन्यात जिलाँगने हॉथॉर्नला ४९ गुणांनी हरवलं. फार्मरने काढून दिलेला चेंडू बिली गॉगिन हा बुटका रोव्हर पळता पळताच उचलायचा. दोघांचं असं जमायचं की बोलायची गरज पडत नसे. त्यानंतर जिलाँगला विजेतेपदासाठी २००७पर्यंत थांबावं लागलं, यातच सगळं आलं.

१९६८मध्ये तो पर्थला परतला, पण वेस्ट पर्थचा खेळाडू-प्रशिक्षक म्हणून. १९६९ आणि १९७१, दोन्ही अंतिम सामन्यांत त्याने हरवलं ते आपल्याच जुन्या ईस्ट पर्थला. १९७३मध्ये तो जिलाँगचा प्रशिक्षक झाला. व्हिक्टोरियाच्या मोठ्या लीगमधला हा पहिला मूलनिवासी प्रशिक्षक. पण माझ्या मते त्याची खरी कमाई मुठीतच. आज प्रत्येक संघ सामनाभर हँडबॉल खेळतो आणि ते कुणाला नवलही वाटत नाही.

त्या उड्यांची किंमत मात्र शरीराने चुकवली. उतारवयात स्मृती गेली, २०१९मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी त्याच्या मेंदूच्या तपासणीचा निष्कर्ष जाहीर झाला. डोक्यावर वारंवार मार बसून होणारा सीटीई हा आजार या खेळातल्या माणसात सिद्ध झाला तो पहिल्यांदा त्याच्यातच. आता डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला लीग किमान १२ दिवस बसवते. फार्मरच्या काळी बादलीतलं पाणी डोक्यावर ओतलं की गडी पुन्हा मैदानात. ओळखीतल्या जुन्या ईस्ट पर्थवाल्यांपुढे मी हे काढलं की ते मान हलवतात आणि लगेच १९६९वर घसरतात. पन्नासहून जास्त वर्षं झाली, राग काही उतरलेला नाही.