बिबट्याचे चरित्र

मराठी वृत्तपत्रांतील बिबट्याची बातमी बहुधा एका ठरीव वाक्याने सुरू होते. भक्ष्याच्या शोधात बिबट्या मानवी वस्तीत शिरतो, विहिरीत पडतो किंवा पिंजऱ्यात अडकतो आणि दुसऱ्या दिवशी बातमीतून नाहीसा होतो. यातील ‘शिरतो’ हे क्रियापद वरवर दिसते तितके निरुपद्रवी नाही. बिबट्याचे घर अन्यत्र, म्हणजे जंगलात आहे आणि येथे तो उपरा आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. कथेचा आरंभ कोठून करायचा हे ठरले की दोष कोणाचा हेही बऱ्याच अंशी ठरून जाते, हे साहित्याच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको. बातमीतल्या बिबट्याला घटना असते, चरित्र नसते. हे चरित्र लिहिण्याचे साधन महाराष्ट्रात २००९ साली हाती आले. ते साधन म्हणजे जीपीएस कॉलर, अर्थात उपग्रहाच्या साहाय्याने ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा.

त्याआधीची स्थिती पाहण्यासाठी एकलहऱ्याचा परिसर पुरेसा आहे. नाशिकबाहेर हे गाव ओळखले जाते ते औष्णिक वीज केंद्रामुळे. परंतु एका बाजूला गोदावरी आणि दुसऱ्या बाजूला दारणा यांमधला हा सारा टापू उसाचा आहे. वर्ष-दीड वर्ष उभे राहणारे, पाणी आणि आडोसा दोन्ही देणारे हे पीक धरणे, कालवे व साखर कारखाने यांच्याबरोबर विसाव्या शतकात पसरले. उसात जन्मलेल्या बिबट्याच्या पिल्लाला जंगल ठाऊक नसते. ऊस हेच त्याचे जन्मस्थान. तेव्हा तो वस्तीत ‘शिरला’ असे म्हणण्यापेक्षा त्याच्या जन्मस्थानाभोवती आपली वस्ती आहे आणि आपल्या वस्तीत त्याचे जन्मस्थान आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

‘शिरतो’ या क्रियापदामागच्या गृहीतकाचे परिणाम केवळ भाषिक नव्हते. घर जंगलात असेल तर त्याला पकडून जंगलात पोचवावे, हे ओघाने आलेच. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात २००१ नंतर या विचाराने बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूर सोडण्यात आले. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तेथे माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते त्या काळात सरासरी १७ झाले. पुढे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले खोऱ्यात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले, आणि तेही दाट लोकवस्तीच्या शेतीप्रदेशात. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा निघाला तो पाळीव व भटक्या कुत्र्यांचा.

या पार्श्वभूमीवर ‘आजोबा’ची कथा वाचावी. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे २००९ साली विहिरीत पडलेला हा नर बिबट्या. त्याला बाहेर काढून, गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटात सोडण्यात आले. तो तेथे थांबला नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि कसाऱ्याकडचा लोहमार्ग ओलांडत, वसईच्या औद्योगिक पट्ट्याजवळून, पुढे खाडी पार करून तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भागात पोचला. सुमारे १२० किलोमीटरचा हा प्रवास त्याने महिनाभराच्या आत केला, आणि वाटेत कोणाला इजा केली नाही. डिसेंबर २०११ मध्ये वाहनाची धडक बसून तो मेला. शरीरात बसवलेल्या सूक्ष्म चकतीवरून त्याची ओळख पटली. २०१४ साली सुजय डहाके यांनी त्याच्यावर मराठी चित्रपट काढला.

नावाचाही विचार करायला हवा. वारली आणि महादेव कोळी समाजांत वाघोबाची पूजा आहे. अकोल्याच्या डोंगराळ भागात वाघबारस पाळली जाते. वाघ-बिबट्याला नात्याच्या आदराने हाक मारणे आपल्या भाषेला नवे नाही. वैज्ञानिकाने ‘आजोबा’ म्हटले तेव्हा नकळत ती जुनी रीतच पुढे चालली. मुंबईत २०२१ साली कॉलर घातलेल्या बिबट्यांनाही सावित्री, महाराजा अशी नावे मिळाली.

परंतु नाव देऊन जिव्हाळा वाढवणे एवढेच कॉलरचे काम नव्हे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील कियावा बेटावर, म्हणजे बंगले आणि गोल्फच्या मैदानांच्या वस्तीत, बॉबकॅट या लहान रानमांजरांना २००७ पासून जीपीएस कॉलर लावली जाते. २०२० च्या सुमारास तेथील मांजरे मरू लागली तेव्हा घरोघरी वापरले जाणारे उंदरांचे विष त्यामागे असल्याचे उघड झाले. म्हणजे प्राण्याचे चरित्र लिहायला घेतले की त्यात शेजाऱ्याचे वर्तनही नोंदले जाते.

आपल्याकडेही तसेच झाले. महाराष्ट्र व हिमाचल प्रदेशातील कॉलर लावलेल्या ५ बिबट्यांवरील २०१४ सालच्या शोधनिबंधात असे दिसते की, हे प्राणी दिवसा घरांपासून दूर राहतात आणि रात्री घरांच्या अगदी जवळून वावरतात. माणसाची वेळ टाळणे हा त्यांचा शिरस्ता. आता याच्या शेजारी शेतकऱ्याचे वेळापत्रक ठेवून पाहा. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला अंधारात उसाला पाणी द्यायला जावे लागते. बिबट्याने सोडलेली वेळ आणि माणसावर लादलेली वेळ येथे एकमेकींवर येतात. जेथे वीज निर्माण होते त्या एकलहऱ्याच्या परिसरात हा विरोधाभास विशेष बोचतो.

दारणाकाठच्या गावांत २०२० साली बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. त्यांच्या आप्तांना सहजीवनाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाच नाही. शिवाय मूठभर प्राण्यांच्या नोंदींवरून सगळ्या बिबट्यांचा स्वभाव ठरवणे हीही घाईच होईल. मात्र एक लक्षात घ्यावे. बातमी बिबट्याइतकीच मृताचीही घटना करून टाकते. तो रात्री शेतात का होता, हा प्रश्न तिच्यात क्वचितच येतो. पिंजरा लावला की कथा संपते आणि विजेचे वेळापत्रक तसेच राहते. कॉलरने दिलेले चरित्र नीट वाचले, तर पिंजऱ्याच्या मागणीआधी दिवसाच्या विजेची मागणी सुचते. बातमीत आज सर्वांत आधी दुरुस्त करायला हवे ते ‘शिरतो’ हे क्रियापद.